मायलेकराची कुंडी

१

सोमवारी नर्सरी बंद असते, म्हणून लेकीची, आवडीची, नखं सोमवारी काढायची असं आमचं ठरलेलं. माझा नवरा रामकिसन तिला मांडीत धरून बसतो, मी नेलकटर घेते, ती पाय झाडते. रामकिसन तिला खिडकीतली चिमणी दाखवतो आणि तेवढ्यात मी दोन-तीन बोटं उरकून घेते. नखं कागदावर गोळा करायची, घरात पडू द्यायची नाहीत. सगळीकडं असतं तसंच.

त्या सोमवारी मी तिचा हात हातात घेतला तर काढायला काही नव्हतं.

नखं काढल्यासारखीच होती. कडेला गोल, बोटाच्या मांसाला टेकलेली. आदल्या सोमवारी आम्ही पैठणला लग्नाला गेलो होतो आणि नखं राहून गेली होती. मला चांगलं आठवत होतं, बसमध्ये मी तेच बडबडत होते.

"तुम्ही काढली का हिची नखं?"

"मी? मला माझी काढायला सवड नाय," रामकिसन म्हणाला. "कुरतडली असतील पोरीनं."

"पायाची बी?"

त्यानं तिचा पाय उचलून बघितला. मग हसला. "नशीबवान हाईस. एक काम कमी झालं."

मीही हसले. नेलकटर डब्यात ठेवताना बघितलं, त्याच्या फटीत मागच्या वेळची एक बारीक नखाची कोर अडकून बसली होती. वाळून पार पिवळी पडली होती. मागची वेळ म्हणजे कधीची, ते मला आठवेना.

२

आम्ही राहतो ते करमाडच्या पुढं, जालना रोडला लागून. जमीन नानासाहेबांची. त्यांची बाकीची जमीन कंपन्यांना गेली, हा मुरमाड तुकडा उरला, त्यात त्यांनी नर्सरी काढली. गुलाब-मोगऱ्याची साधी नर्सरी नव्हे. इथली झाडं जहाजातनं येतात, व्हिएतनाम म्हणून देश आहे तिथनं, मोठ्या लोखंडी पेट्यांत बसून. माणसाच्या वर उंच, बुंधा कवेत मावायचा नाही, आणि तरी कुंडीत. कुंडीही परातीसारखी उथळ, चौकोनी, दगडी. तिकडं म्हणे घरासमोर अशी झाडं ठेवायची रीत आहे. बापानं वळवलेली फांदी पुढं लेक वळवतो. आपल्याकडं हॉटेलवाले नि बंगलेवाले घेतात. येतात, बुंध्याला हात लावतात आणि विचारतात, खरं आहे का.

झाडांना वळण लावायचं काम हबीबभाईंचं. ते शहागंजातनं रोज स्कूटरवर येतात, खांद्यावर तारेचं भेंडोळं. फांदीला तार गुंडाळायची, वाकवायची आणि तशीच ठेवायची, फांदी ती वाट विसरेपर्यंत. मुळं छाटायची, म्हणजे झाड आहे तेवढंच राहतं. रामकिसन पाणी घालतो, औषध मारतो, उचलठेव करतो. मागची पत्र्याची खोली आम्हाला दिलेली.

आवडीची नाळ गळून पडली तेव्हा सासूबाई, सारजाबाई, इथंच होत्या. आवडी हे नाव त्यांच्या सासूचं, आवडाबाईंचं. त्यांनी नाळेचा तो सुकलेला तुकडा पांढऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातावर ठेवला. "मोठ्या झाडाच्या बुडाशी पूर. झाड जसं होतं तसं लेकरू होतं."

गावाकडं आमच्या वस्तीवर चिंच होती. ती जमिनीबरोबरच गेली. इथं बघावं तिकडं मुरूम आणि हिरवी जाळी. मी सगळ्यांत थोराड झाड शोधलं. वडाच्या जातीचं होतं. एका बुडातनं दोन खोडं, एक थोरलं आणि त्याला टेकून एक बारकं, आईचा पदर धरल्यासारखं. हबीबभाई म्हणाले होते, "तिकडे इसकू माँ-बच्चा बोलते, भाभी. तुमच्यात मायलेकरू म्हणा. मेरे दादा से बडी उमर हय इसकी."

एवढं ऐकल्यावर मी दुसरं कशाला शोधेन? पळीनं माती उकरली, पुरचुंडी बारक्या खोडाला लागून ठेवली, वरनं शेवाळ होतं तसं बसवलं आणि पाया पडले. लई बरं वाटलं मला.

३

आवडी रांगायला लागली त्या उन्हाळ्यात हबीबभाईंनी त्या झाडाची कुंडी बदलली. आधी ते खोल टोपलीत होतं. बाहेर काढून चारी बाजूंनी मुळं छाटली आणि दगडी परातीत बसवलं. मी दारात आवडीला वरण-भात भरवत ते बघत होते. माझ्या मनात काही आलं नाही. नाळ वर होती, खोडाला चिकटून. तिला धक्का लागला नव्हता.

त्या साली गौरीला तिला पिवळा फ्रॉक घेतला. पुढच्या गौरीला तोच घातला आणि मी रामकिसनला कौतुकानं दाखवला, बघा, अजून होतोय. त्याच्या पुढच्या गौरीला घडी मोडली, तिच्या अंगात घातला, आणि मागची बटणं लावता लावता माझा हात थांबला. फ्रॉक तिला चांगला होत होता. बगलेत जराही दाटत नव्हता. पायातले चांदीचे वाळे बारशाच्या वर्षी पुढं होतील म्हणून मोठेच घेतलेले, ते वर्षभरात बरोब्बर बसले होते आणि बरोब्बरच राहिले होते.

करमाडच्या डॉक्टरनं तिला उभं केलं, बसवलं, पोट दाबलं. "काही लेकरं दमानं वाढतात. बाप उंच नाही, आई तरी कुठं उंच आहे?" म्हणाला. औषध दिलं. ती ते गोड लागतं म्हणून चमचा चाटायची.

मी खूश होते असं नाही, पण मला धीर धरता येत होता. आवडी बोलायची कमी, हसायची बरी. रोज दुपारी मी रामकिसनच्या हातनं झारी घेऊन त्या एकाच झाडाला पाणी घालायचे आणि मनातलं बोलायचे. एकदा सासूबाईंना फोनवर तसं सांगितलं.

"काय म्हणती तू झाडाला?"

"माझ्या लेकराला वाढव म्हणते."

त्या म्हणाल्या, "असं नको म्हणू बाई. बांगडी वाढली म्हणतो आपण, दिवा वाढवला म्हणतो, नारळ वाढवला. फुटलं, विझलं म्हणायला नको म्हणून वाढलं म्हणायचं. आता तू वाढव म्हणती तर त्यानं कुठलं समजायचं?"

"मग काय म्हणू?"

"मोठं कर म्हण. त्याचा एकच अर्थ होतो."

त्या दिवसापासून मी तेच म्हणायला लागले. मोठं कर. माझ्या आवडीला मोठं कर.

४

खोलीसमोर मी शेणानं सारवलेली जागा केली होती, तिथं आवडी खेळायची. एक दिवस तिचा चेंडू गडगडत पलीकडं गेला. ती उठून त्याच्या मागं निघाली आणि मधेच उभी राहिली. मी तांदूळ निवडत होते. म्हटलं, मुंगळा दिसला असेल. पण ती खाली बघत नव्हती, चेंडूकडंच बघत होती. हात पुढं केलेला. पायाची बोटं दुमडली होती, आपण भिंतीला पाय लावून उभं राहिलो की दुमडतात तशी.

"जा की, आण चेंडू," मी म्हटलं.

ती परत फिरली आणि दुसऱ्या बाजूला गेली. तिथंही तशीच थांबली.

मी जाऊन त्या जागेवर पाय ठेवला. काही नव्हतं. जमीन आणि ऊन. आवडीला उचलून मी चेंडूजवळ नेऊन बसवलं, तर तिथं खेळायला लागली. पण तिथंही तेवढ्यातच. बसवलं त्याच्याभोवती तेवढंच तिचं रान. रात्री गोधडीवर ती गुडघे पोटाशी घेऊन, एका बाजूला सरळ रेघेत निजायची, पाठ जशी कशाला टेकवलेली. लहानपणापासूनची सवय असेल, असं मी म्हणत आले होते.

दुसऱ्या दिवशी ती खेळत असताना मी पदरानं ती जागा मोजली. इकडनं तिकडं पदर ताणला, गाठ मारली. मग तोच पदर घेऊन मायलेकराची परात ठेवली होती त्या कट्ट्यापाशी गेले. गाठ परातीच्या कोपऱ्यावर आली.

मी शिकलेली आहे, सातवीपर्यंत का होईना. शास्त्राच्या पुस्तकात मुळाचं चित्र होतं, ते मी काढलेलं होतं, मूलरोमांसकट. मुळं पाणी शोषतात, क्षार शोषतात. वाळलेली नाळ कधीच कुजून गेली असणार. पदराचं माप हे काही माप नव्हे, पदर ताणला की वाढतो. हे सगळं मी मला समजावलं आणि गाठ सोडली.

५

मग आवडीच्या हातावर वळ उठले.

दंडापासून मनगटापर्यंत, सापानं विळखा घालावा तसे फिरत गेलेले. लाल नव्हते, सूज नव्हती. नुसता खड्डा, घट्ट रबर काढल्यावर राहतो तसा. मी तिच्या मनगट्या तोडून टाकल्या. फ्रॉकची बाही उसवली. सकाळी वळ तसेच.

हबीबभाई कट्ट्यावर चढून मायलेकराचं काम करत होते. मी आवडीला कडेवर घेऊन खाली उभी राहिले. बारक्या खोडाच्या फांद्यांना नवी तार होती.

"हबीबभाई, ही तार कधी लावली?"

"परसों. बच्चा सीधा जा रहा था, बाजूला वळवला."

"काढा ना ती."

त्यांनी खाली बघितलं. "अभी नक्को, भाभी. अभी निकाले तो फिर उधरकूच जाता."

"फांदीत रुतलीय बघा."

"थोडी रुततीच. रुतल्याबगर याद नहीं रहता उसकू." मग त्यांची नजर आवडीच्या हातावर गेली. ते कट्ट्यावरनं उतरले, तिचा हात धरून फिरवून बघितला आणि विचारलं, "ये काय झालं?"

तेव्हा मी सांगितलं. नाळेचं, फ्रॉकचं, पदराचं. मला वाटलं ते हसतील. हसले असते तर बरं झालं असतं.

"नाळ तो हमारी अम्मा ने भी गाड़ी," ते हळू आवाजात म्हणाले. "कडुनिंबाखाली, आंगण में. सगळेच गाडतात." आणि तिचा हात सोडून, "पण भाभी, कुंडीत कुणी पुरतं का?"

त्यांनी एकेक वेढा सोडवून तार काढली. मी आवडीचा हात धरून उभी होते. वळ भरून येताना मला दिसले. पिठात रोवलेलं बोट काढल्यावर पीठ वर येतं तसे.

रामकिसनला संध्याकाळी सांगितलं तर तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तू दिवसभर एकटी असती. आईकडं जाऊन ये चार दिवस." पण जेवून उठल्यावर तो आवडीजवळ बसला आणि तिच्या बोटांकडं बघत राहिला. नखं बघत होता.

मी माहेरी गेले नाही. कारण त्याच आठवड्यात पाण्याची मोटार जळाली आणि झाडांना दोन दिवस पाणी नव्हतं. आवडीचे ओठ फुटले. मी तांब्यानं पाणी पाजत होते, ती घटाघटा पीत होती, आणि तिची जीभ कोरडीच. डोळे वरवर जायला लागले. शेवटी मी आमच्या पिण्याच्या हंड्यातलं पाणी नेऊन त्या परातीत ओतलं. परत आले तर ती उठून बसली होती आणि मला बघून हसली. माती भिजल्यावर येतो तसा वास तिच्या तोंडाला येत होता.

आता सांगा, मी तिला घेऊन कुठं जाणार होते.

६

झाड विकलं गेलं ते गुरुवारी. शहरातल्या छावणी भागातल्या एका बंगल्याचे साहेब आले होते. नानासाहेब त्यांना सगळीकडं फिरवून शेवटी मायलेकरापाशी घेऊन आले. मी वाळवणाच्या आडोशाला होते.

"हे छान आहे," साहेब म्हणाले. "पण हे छोटं काय लटकलंय?"

"तीच तर त्याची शान आहे, साहेब. आई-मूल."

"नको. आमच्या पोर्चला एकच खोड शोभेल. हे काढून द्या."

"देऊ की. हबीब, उद्या आरी लाव. संध्याकाळी गाडी भरू."

साहेबांची गाडी गेली तशी मी नानासाहेबांसमोर जाऊन उभी राहिले. कधी त्यांच्याशी चार शब्द बोलले नव्हते.

"दादा, बारकं खोड कापू नका. मुळासकट वेगळं काढा, मला द्या. मी इथंच लावते मागं."

"तुला कशाला गं?"

"माझ्या लेकराची नाळ आहे त्यात."

ते हसले, वाईट नाही, घरातल्या माणसासारखं. "अगं, ते बुडात जुळलेलंय. वेगळं काढायला गेलं तर थोरलं मरंल. माणूस पोर्चसाठी थांबलाय आणि तू नाळ घेऊन बसली."

रात्री मी रामकिसनच्या पाया पडले. नवऱ्याच्या पाया सणावारी पडतो, तसं नव्हे. त्यानं मला उठवलं, आणि तो रडत होता. "काय करू मी? इथनं काढलं तर कुठं जायचं?" म्हणाला. "नाळ कवाच कुजली असंल. कुजली असंल गं."

सकाळी हबीबभाई आले तेव्हा मी आरी लपवली होती. त्यांनी शोधली नाही. "जुम्मा हय," म्हणाले. "नमाज के बाद करता." मग स्कूटरला किक मारायच्या आधी, माझ्याकडं न बघता, "जुळलं नाहीये ते. दबा हुआ हय खाली. मुळं एकमेकांत गेलीत. कापली तरच तुटतील. सोडवली तर सुटतील."

"सोडवून जमिनीत लावलं तर जगंल?"

"जिएगा तो बहुत जिएगा." त्यांनी हँडल धरून ठेवलं होतं. "कुंडीतलं झाड जमीन में गेलं की सगळ्या सालांची भूक एकदम काढतं, भाभी. फिर वो आवरत नाही."

मला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

७

दुपार. हबीबभाई करमाडच्या मशिदीत, रामकिसन गाडीबरोबर झाड बांधायचे पट्टे आणायला गेलेला, नानासाहेब ऑफिसात पंख्याखाली झोपलेले. आवडीला मी खोलीत बसवलं. तिच्या पुढ्यात मुरमुरे टाकले, बाहेरनं कडी घातली नाही. ती तशीही येत नाही.

कट्ट्यावर चढून मी पहार घातली. दगडी परात पहिल्या दोन घावांना दाद देईना. तिसऱ्याला कोपऱ्यापासून तडा गेला आणि ती मधोमध उघडली. फुटली हे तोंडातनं निघालं नाही. सवयीनं "वाढली," म्हणाले.

मला वाटलं होतं माती खाली येईल. आली नाही. परात दोन्हीकडं पडली आणि मधे माती तशीच उभी. चौकोनी, काठ सरळ, कोपरे कोपऱ्यासारखे. नुसती मुळं होती ती. गोल फिरून फिरून, एकमेकांवर चढून, परात नसताना परातीएवढीच राहिलेली.

मी बोटं घातली. केसांतला गुंता काढतात तशी टोकाकडनं सुरुवात केली. एक मूळ सुटलं, लांब झालं. आणि खोलीतनं आवाज आला. कुणी बोटं मोडावीत तसा.

"आवडे?"

मुरमुऱ्यांवर हात फिरल्याचा आवाज. म्हणजे ठीक होती. पत्रा तापला की वाजतो, मी म्हटलं. दुपारचा पत्रा वाजतोच. दुसरं मूळ सुटलं, पत्रा वाजला. तिसरं सुटलं, वाजला. मी थांबले, तो थांबला. मी परत सुरू केलं. थांबून कसं चालणार होतं? गाडी यायची होती. बारक्या खोडाची मुळं फिकी होती, थोरल्याची काळपट. फिकं मूळ काळ्यातनं सोडवायचं, बाजूला धरायचं. परातीच्या कपचीनं माझं बोट चिरलं आणि रक्त मातीत गेलं. माझं लक्ष नव्हतं. खोलीत काहीतरी फाटलं. कापड फाटतं तसं, सावकाश, शिवणीवरनं.

अगदी मधे, दोन्ही खोडांच्या मधल्या कपारीत, फडक्याचा तुकडा दिसला. पांढरा. कुजला नव्हता. मुळांनी चहूबाजूंनी त्याला धरलं होतं, मुठीत धरल्यासारखं. फिकी मुळं मी सोडवली. एकेक करून सुटली, बारकं खोड कलंडून माझ्या मांडीवर आलं, हलकं, पोरासारखं. आता फडकं फक्त काळ्या मुळांत राहिलं होतं. मी ते काढायला चिरलेलं बोट आत घातलं.

मुळं बोटाभोवती मिटली.

जोरात नाही. आवडी जन्मली त्या दिवशी मी तिच्या तळहातावर बोट ठेवलं होतं आणि तिनं धरलं होतं, तसं. तेव्हा नर्स म्हणाली होती, धरू दे, सगळी लेकरं धरतात. मी बोट ओढलं नाही. का ओढलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारी ओल्या मातीत दोन पाय येऊन उभे राहिले.

वाळ्यांचा आवाज आला नव्हता. पायांत वाळे नव्हतेच, घोट्याला नुसता चांदीचा काळा वळ. डाव्या अंगठ्यापाशी आवडीचा तीळ. नखं वाढलेली होती, मातीत रुतलेली. माझा पाय बाजूलाच होता, म्हणून मला दिसलं की दोन्ही पाय एका मापाचे आहेत.

"आई," ती म्हणाली. आवाज वरनं आला.

खाली बसलेलं असताना लेकराकडं बघायला मान वर करावी लागत नाही. मी मान वर केली नाही.

८

नानासाहेब ओरडले ते परातीवरनं. झाडावरनं नाही, कारण थोरलं खोड साबूत होतं. साहेबांना हवं होतं तसं, एकटं, आरीचा डाग न लागलेलं. त्याच संध्याकाळी ते नव्या कुंडीत बसवून छावणीला गेलं. फडकं त्याच्याच मुळांत राहिलं, आणि माझं रक्तही. बारकं हबीबभाईंनी आमच्या खोलीमागं मुरमात खड्डा घेऊन लावलं. आळं करताना त्यांनी एकदाही खिडकीकडं बघितलं नाही.

मी तिथं पाणी घालायला जात नाही. उंबऱ्याच्या अलीकडं माझ्या पायाची बोटं दुमडतात. नीट जागा आहे मला, चूल आहे, खिडकी आहे, गोधडी एका अंगाला सरळ घातली की निजता येतं. छावणीत पाणी वेळेवर घालत असावेत, कारण घसा कोरडा पडत नाही. मध्ये एकदा डाव्या दंडावर वळ आले, पण ते सहन होतात. थोडे रुततातच.

रामकिसन आवडीसाठी आधी मोठ्या मापाचा फ्रॉक आणायचा. मग लुगडं आणलं. आता काही आणत नाही, खाट बाहेर टाकून झोपतो आणि मला म्हणतो, "तू तिला सांग ना काही. तुझं ऐकंल ती."

काय सांगू? रोज झाडाला मी एकच मागत होते. सासूबाईंनी शब्द नीट करून दिला होता, त्याचा एकच अर्थ होतो. किती, ते म्हणायचं राहिलं एवढंच.

आवडी सकाळपासून ऊन असेतोवर मागं उभी असते. दिवेलागणीला घरात येते, माझ्यापाशी बसते आणि माझी नखं बघते, काढायला झालीत का. काल दारातनं आत येताना ती मान वाकवून आली.